दारू सोडवण्यासाठी भावाला गावातून शहरात आणावं का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ गोव्यात सत्तरी तालुक्यात गावी असतो, आई, बायको आणि दोन मुलांसोबत. आधी खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यापासून बागायत आणि मिळेल ते काम. दारू तेव्हापासून वाढली. गेल्या श्रावणात देवापुढे नारळ ठेवून एकदम सोडली, तर दुसऱ्याच दिवशी फिट आली. वाळपईहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. थोडे दिवस ठेवून घरी पाठवलं, गोळ्या दिल्या. चतुर्थीपर्यंत बरा होता, नंतर परत सुरू. पुन्हा दाखवायला कुणी नेलंच नाही. मी पणजीजवळ पर्वरीला राहते. इथे डॉक्टर आहेत, केंद्रं आहेत. सहा महिने त्याला माझ्याकडेच आणून ठेवू का? गावात राहून हे सुटणं शक्य आहे का?

उत्तर: ताई, थोडक्यात सांगायचं तर दवाखान्यासाठी त्याला जरूर आणा, राहायला आणू नका. हे सांगताना मला पुष्कळ घरं डोळ्यांपुढे दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोव्यात गाव आणि शहर यांतलं अंतर बाहेरच्या माणसाला कळत नाही. २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली. वाळपईहून बांबोळी ४०-४५ किलोमीटर, काणकोणहून ६०-७०. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला हे आकडे सांगितले तर तो म्हणेल, मग तुमची तक्रार काय आहे? नकाशावर आपण कुणीच दवाखान्यापासून दूर नाही. पण बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी सकाळची. सत्रे किंवा सुर्ल्यासारख्या आतल्या गावातून निघणाऱ्याला आधी वाळपई गाठायची, मग पणजीची बस, मग बांबोळी. केसपेपर, रांग, डॉक्टर, औषधांची खिडकी. परतीची बस चुकली तर संध्याकाळ गेली. शिवाय असा माणूस एकटा येत नाही, बायको किंवा आई सोबत असते. म्हणजे एका तपासणीला घरातल्या दोघांची दिवसभराची मजुरी जाते. पर्वरीतला माणूस तेच काम ऑफिसात अर्धी रजा टाकून करतो.

म्हणून गावाकडचा रुग्ण पहिल्यांदा येतो तो बहुतेक १०८ मधून. फिट आलेली असते, कावीळ झालेली असते किंवा रक्ताची उलटी झालेली असते. शहरातला माणूस त्याच्या बराच आधी येतो. बायको माहेरी गेली, कंपनीने नोटीस दिली, गाडी ठोकली, अशा कारणाने. शरीर अजून पूर्ण मोडलेलं नसतं. गावातल्या माणसाला पहिल्या खेपेला उपचार मिळतात, कारण तेव्हा जीव धोक्यात असतो आणि सगळा वाडा, म्हणजे वस्ती, धावतो. तिसऱ्या खेपेला, म्हणजे तो धडधाकट दिसत असताना आणि पंधरा दिवसांनी फक्त गोळ्या बदलायला जायचं असताना, कुणी धावत नाही. तुमच्या भावाचं नेमकं तिथेच अडलं. बांबोळीत त्याला जे मिळालं ते बरोबर होतं. पुढचं मिळालं नाही.

पूर्ण देशाचंही चित्र असंच आहे. २०१९ साली केंद्र सरकारने एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कधी ना कधी कसला तरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. त्याच अहवालात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोवा वरच्या पाचांत होता, सुमारे २८ टक्के. तेव्हा भाऊ एकदा तरी वॉर्डापर्यंत पोचला याला मी निम्मी लढाई म्हणणार नाही, पण ते काहीच नव्हे असंही नाही.

आता श्रावणाबद्दल. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, तरी दर वर्षी तेच होतं. आपल्याकडे श्रावण लागला की पुष्कळ जण बाटली बाजूला ठेवतात. कुणी देवाला गाऱ्हाणं घालून, कुणी नारळ ठेवून. अधूनमधून पिणाऱ्याला त्यात काही त्रास होत नाही. पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतात आणि पहिला पेला घेतल्यावरच थांबतात, त्याने असं एकदम थांबणं धोक्याचं आहे. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाल्याने मेंदूने स्वतःला तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. ती एकाएकी काढली की मेंदू आवरेनासा भडकतो. पहिल्या दिवशी घाम, थरथर, उलटी, झोप नाही. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, रात्री उठून पळत सुटतात. गावात याला लगेच बाहेरची बाधा म्हणतात आणि आणखी दोन दिवस जातात. या अवस्थेत उपचाराशिवाय माणूस दगावू शकतो.

देवाला दिलेल्या शब्दाची मी कधी थट्टा करत नाही. तो शब्द पुढे वर्षभर कामाला येतो, आणि गोळीपेक्षा तो मोठा मानणारे रुग्ण मी पाहिले आहेत. फक्त क्रम बदला. आधी दवाखान्यात सुरक्षितपणे दारू काढा, मग नारळ ठेवा.

तुमच्या भावाला एकदा फिट येऊन गेली आहे. अशा माणसाने पुढच्या वेळी घरच्या घरी दारू सोडायची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. अशी प्रत्येक खेप आधीच्या खेपेहून जड जाण्याची शक्यता असते. ज्याला कधी फिट किंवा भ्रम झालेला नाही, ज्याच्या घरात जागं राहणारं माणूस आहे आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, अशा सौम्य रुग्णाची दारू आरोग्य केंद्राच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी काढता येते. तुमचा भाऊ त्यात बसत नाही. त्याला पहिले आठ-दहा दिवस भरतीच हवी, आणि त्यासाठी बांबोळी योग्य जागा आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मनोविकार विभाग आहेत.

त्या दिवसांत तिथे काय होतं ते घरच्यांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम जातीच्या गोळ्या सुरुवातीला जास्त देऊन रोज उतरवत नेतात. यकृत फार बिघडलं असेल तर लोराझेपाम बरी. सोबत थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन. हे थायमिन फार महत्त्वाचं आहे. गावात अशक्त दारुड्याला बघितलं की ‘बाटली लावा’ म्हणतात, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन. शरीरात बी-१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, विस्मरण कायमचं राहू शकतं. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत हवं. भावाला कधी रातोरात जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर एवढं एक वाक्य सांगा: ‘हा रोज पिणारा आहे, आधी फिट आलेली आहे, थायमिन द्या.’ चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

हे दहा दिवस म्हणजे उपचाराची फक्त सुरुवात. खरा उपचार पुढचं वर्षभर चालतो, आणि ते वर्ष तुमच्या पर्वरीच्या फ्लॅटात काढायचं की गावात, हा तुमचा प्रश्न आहे.

शहरात आणलेल्या भावांचं काय होतं ते मी बघत आलोय. पहिला महिना छान जातो. बहीण रजा काढते, भावजी गाडीतून डॉक्टरकडे नेतात. दुसऱ्या महिन्यात सगळे कामाला जातात आणि हा दिवसभर फ्लॅटात टीव्हीसमोर. हाताला काम नाही, ओळखीचं माणूस नाही, खाली उतरलं की दोन्ही अंगांना बार. गावात पिऊन आला तर वाड्यावर चार माणसं बघतात, शहरात कुणी बघत नाही. मग तो परत गावी जातो, आणि तिथे त्याला दारूशिवाय जगायची सवय झालेलीच नसते. जी पायवाट रोज बारवरून जाते, तीच पायवाट न थांबता चालायला शिकायचं असतं, आणि ते पर्वरीत शिकता येत नाही. तिकडे बायको-मुलं सहा महिने एकटी राहतात ते वेगळंच.

गावाची एक ताकद आपण मोजत नाही. दारू सोडलेल्याला पुन्हा प्यायची ओढ लागते, ती कमी करायला नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत. तिसरं डायसल्फिराम. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हे डायसल्फिराम काम करतं ते कुणीतरी रोज समोर बसून देतं तेव्हाच. आई सकाळी चहाबरोबर स्वतःच्या हाताने गोळी देते, तो तिच्यासमोर गिळतो, अशी घरं गावात सापडतात. शहरात सगळे आठ वाजता बाहेर पडतात. पण त्याला न सांगता आमटीत किंवा भाकरीत ही गोळी मिसळायची नाही. काही जाहिराती ‘त्याच्या नकळत दारू सोडवा’ म्हणून पुड्या विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. माहीत नसताना तो वर दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून खोकल्याच्या औषधात अल्कोहोल नाही ना तेही बघावं लागतं. आणि सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी हवी.

अडचण औषधाच्या दुकानात येते. ही औषधं पणजीत, म्हापशात, मडगावात मिळतात, आतल्या तालुक्यांत दुकानदार ठेवत नाहीत, कारण विचारणारा नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यायचं असतं, एकदा संपलं की मधे आठवडा जातो आणि त्या आठवड्यात पेला हातात येतो. ही गोष्ट तुम्ही पर्वरीहून सांभाळू शकता. महिन्याचं औषध तुम्ही घ्या आणि गावी जाणाऱ्याबरोबर पाठवा. भावाला सहा महिने घरात ठेवण्यापेक्षा याचा उपयोग मोठा आहे, असं मी अगदी अनुभवाने सांगतो.

बोलून उपचार गावात होतात का? होतात, आणि ते गोव्यातच सिद्ध झालंय. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, साध्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलायचं, गरज पडल्यास घरी जाऊन. तीन महिन्यांनी, बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्के जण मागचे दोन आठवडे दारूला शिवले नव्हते. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. जगभर या अभ्यासाचा दाखला देतात. आणि आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आज असा माणूस बसलेला दिसतो का? २६ जूनला व्यसनविरोधी फेरी निघते, बॅनर लागतात, शाळेची मुलं उन्हात चालतात. तो पैसा आतल्या केंद्रांत एकेक समुपदेशक ठेवायला लावला असता तर, असं मला दर वर्षी वाटतं. असो.

मात्र तो अभ्यास मधल्या टप्प्यातल्या पिणाऱ्यांचा होता. फिट येण्याइतकी सवय लागलेल्या तुमच्या भावाला नुसत्या बैठका पुरणार नाहीत. औषध आणि बैठका दोन्ही लागतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या वारी बाहेरच्या आरोग्य केंद्रांवर जातात. वाळपई किंवा साखळीला कुठला वार आहे ते आधी फोन करून विचारा, कारण वार बदलतात. एकदा बांबोळीच्या डॉक्टरने औषध बसवलं की पुढच्या तपासण्या तिथे करून घ्या. बांबोळीला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गेलं तरी चालेल.

यात लाजेचा भाग आहे, आणि तो गावात उलटा असतो. तो पितो हे सगळ्या वाड्याला ठाऊक असतं, त्याची लाज कुणाला नसते. मनोविकाराच्या डॉक्टरकडे जातो हे मात्र लपवायचं असतं. रांगेत शेजारी बसलेली बाई चुलतभावाची सासू निघते. शहरात हा प्रश्न नाही, तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. पण त्यामुळेच शहरात रुग्ण तीनदा आला आणि गायब झाला तर विचारायलाही कुणी नसतं. गावी मी एक साधी युक्ती सुचवतो. अशा माणसाला बहुधा रक्तदाब, साखर, यकृत यांतलं काहीतरी असतंच. त्या तपासणीसाठी केंद्रात जायचं आणि त्याच खेपेला हेही बोलून घ्यायचं. विचारलं तर सांगायला कारण असतं, आणि ते खोटंही नसतं.

खासगी केंद्रांबद्दल एकच सांगतो, कारण तुम्ही ‘इथे केंद्रं आहेत’ असं लिहिलंय. चांगली आहेत, तशी लुबाडणारीही आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचे आजार येतात, त्यामुळे अशा केंद्राला नोंदणी लागते. ती दाखवा म्हणा. डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध गाडीत घालून नेतो म्हणणारे, कोंडून ठेवणारे, ‘मारलं की सुधारतात’ म्हणणारे भेटले तर तिथूनच परत फिरा. कायद्याने त्याच्या इच्छेविरुद्धच्या भरतीला अटी आहेत, आणि घरच्यांची सही एवढंच पुरत नाही. पैशाचा हिशेबही करा. सत्तरीतलं कुटुंब बागायत गहाण ठेवून तीन महिन्यांची फी भरतं आणि चौथ्या महिन्यात औषधाला पैसे उरत नाहीत. सरकारी भरती आणि वर्षभराचं औषध यांचा खर्च त्यापुढे फार थोडा आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका फुकट असतात. गोव्यात त्या शहरांत आणि किनारपट्टीत जास्त, पुष्कळदा चर्चच्या आवारातल्या खोलीत भरतात. त्यामुळे सत्तरी-पेडण्याकडचे हिंदू रुग्ण बिचकतात. तिथे धर्माचा काही संबंध नाही, जागा मिळते म्हणून तिथे बसतात. भाऊ तुमच्याकडे तपासणीला येईल तेव्हा एका बैठकीला नेऊन बसवा. पटलं तर पुढे फोनवरच्या बैठकांना जोडता येतं. घरच्यांसाठीही वेगळ्या बैठका असतात, आणि वहिनीला त्यांची गरज भावाहून जास्त असेल. फोनवरून मदत हवी असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी फुकट क्रमांक आहेत. नेटवर्क येणाऱ्या एखाद्या टेकाडावरून बोललं तरी चालतं. माझा अनुभव असा की आधी एकदा समोरासमोर भेटलेला रुग्ण फोनवर नीट बोलतो. कधीच न भेटलेला दोन मिनिटांत ‘सगळं बरं आहे’ म्हणून ठेवून देतो.

एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरच्या लक्षात येत नाही, ती तुम्ही त्यांना सांगा: काजूचा मोसम. फेब्रुवारी ते मे या काळात सत्तरीत भट्ट्या पेटलेल्या असतात, उर्राक, म्हणजे काजूची दारू, पाण्यासारखं मिळतं, मजुरीबरोबर पेलाही येतो. बागायतीत काम करणाऱ्याला त्यापासून दूर राहा म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. दारू सुटलेल्या माणसाच्या वर्षातला हा सगळ्यात निसरडा काळ. म्हणून भरतीची वेळ अशी धरा की फेब्रुवारी लागताना त्याला दारू सोडून दोन-तीन महिने झालेले असतील आणि औषध व्यवस्थित चालू असेल. काजू गोळा करणं, बोंडू (काजूची फळं) वेचणं जमेल, पण भट्टीवर बसायचं काम पहिल्या वर्षी दुसऱ्याला द्या. ज्यांची स्वतःची भट्टी आहे त्यांच्याशी हा व्यवहार फार अवघड होतो, तुमच्याकडे तसं नसेल तर बरं.

खाणीचा उल्लेख तुम्ही केलात, म्हणून विचारतो: त्याचं कर्ज फेडून झालंय का? २०१२ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, २०१८ला पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातल्या पुष्कळ ट्रकवाल्यांच्या दारूमागे बँकेचे हप्ते होते. काहींना झोप येत नसे म्हणून रात्रीचा एक पेला सुरू झाला. दारू थांबल्यावर ती जुनी काळजी आणि उदासी उघडी पडते. महिनाभर दारूशिवाय राहूनही तो गप्प गप्प असेल, जेवत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर डॉक्टरला ते वेगळं सांगा. त्याच्यासाठी वेगळं औषध आहे.

आता कामाचं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्याच्याशी सकाळी बोला, प्यायलेला असताना नको. ‘सोड’ म्हणू नका, ‘बांबोळीला दाखवून येऊ, मी सोबत येते’ म्हणा. भरतीचा दिवस ठरेपर्यंत त्याला एकदम बंद करायला लावू नका. आदल्या रात्री त्याला तुमच्याकडे झोपवा, म्हणजे सकाळची ओपीडी गाठता येईल. तुमचं पर्वरीचं घर यासाठी सोन्यासारखं आहे: भरतीच्या आदली रात्र, आणि नंतर दर तपासणीची आदली रात्र. भरतीच्या वेळी वहिनीला किंवा आईला निदान एकदा डॉक्टरसमोर बसवा, कारण रोजची गोळी त्या देणार आहेत. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि वहिनीच्या मोबाइलवर ठेवा. मूळ कागद गावात राहिला आणि रात्री वाळपईच्या डॉक्टरला काही दाखवता आलं नाही, असं फार वेळा होतं. आणि निघण्यापूर्वी पुढची तारीख बांबोळीची आहे की वाळपईची, ते तिथल्या सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या.